काकांनी परत घेतलेले शब्द

सकाळी साडेसातला फाटकाची कडी वाजली, की आमच्या गल्लीत सगळे ओळखतात, नामदेवकाका काल कुठेतरी खोटं बोलले. स्वच्छ धोतर, कपाळी शेंदूर आणि उंबऱ्याबाहेरूनच, "भाऊ, एक शब्द वापस घ्याले आलो."

काका आमच्या शेजारी एकटेच राहतात. पोरबाळ नाही. सौंसरच्या बाहेर त्यांचा संत्र्याचा बगीचा आहे. व्यापारी आला, की आधी स्वतःच त्याला आंबट झाडं दाखवतात. आंघोळीनंतर जामसांवलीच्या मारोतीच्या तसबिरीपुढे बसून कालचं सगळं बोलणं आठवायचं आणि खोट सापडेल त्या घरी जाऊन ती निस्तरायची, हीच त्यांची पूजा. "ज्या जिभेनं लबाडी केली, तिनं त्याचं नाव कसं घेऊ?" माझ्या बायकोच्या भाजीची तारीफ त्यांनी एकदा अशीच दुसऱ्या दिवशी परत घेतली. ती दोन महिने त्यांच्याशी बोलली नाही. मी मात्र मनातून खूश होतो.

तर माझ्या सोनलला पांढुर्ण्याचं स्थळ आलं. ही पोर लहानपणी काकांच्याच ओसरीवर वाढलेली. रामाकोना गावच्या मुलाशी झालेला साखरपुडा तिनं स्वतःच मोडला होता आणि मी पांढुर्ण्याच्या मंडळींना सांगून बसलो होतो, की हे पहिलंच स्थळ. आमच्याकडे पाहुणे चहा मुलीच्या घरी पितात आणि चौकशी शेजारच्या घरी करतात.  पाहुणे यायच्या आदल्या दिवशी, साखरपुड्याचं काढू नका म्हणून मी काकांचे पाय धरले.

"इचारलं नाही तं बोलत नाही," ते म्हणाले. "इचारलं तं माह्या हातात नाही बाप्पा."

पाहुण्यांनी विचारलंच. मी कुंपणाआड उभा राहून ऐकत होतो.

"साखरपुडा मोडला हाये तिचा. तिनंच मोडला. त्या पोट्ट्यानं नोकरी हाये म्हणून खोटंच सांगतलं होतं. पोट्टी तोंडावर बोलते, तेवढं सांभाळून घ्या. बाप भला हाये, पण भेतो."

मुलाची आई हसली. मग म्हणाली, "जिथं गेलो तिथं पोरगी गाय हाये, असंच ऐकून राहिलो. हे घर पटलं मले."

मी कुंपणाआडून बाहेर आलो.  आता जन्मभर काही लपवायचं नव्हतं. पाहुण्यांपुढे जाऊन मीही माझा शब्द परत घेतला. काकांसारखा ऐटीत नाही, चाचरत, पण घेतला.

लग्न झालं. पाठवणीच्या वेळी सोनल काकांच्या पाया पडली. "काका, रडून राहिले का?"

"छट्! मी कायले रडू? तू थोडीच माही पोरगी हायेस?" म्हणत ते तोंड फिरवून भराभरा घरी गेले.

दुसऱ्या दिवशी साडेसातला कडी वाजली. काका उंबऱ्याबाहेर उभे होते, डोळे सुजलेले. मी सरळ सोनलला फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला.

"पोरी," ते म्हणाले, "काल मी दोन गोष्टी खोट्या बोललो."