मासोळीची सुई

"ये कायका बनता है?" औषधाचं खोकं हातात उलटंपालटं करत रामलाल बिसेननं विचारलं.

गोंदियाच्या त्या मेडिकल दुकानात मागं सातआठ माणसं ताटकळत उभी होती. दुकानदार वैतागून म्हणाला, "काका, कॅल्शियम कम करने का इंजेक्शन है. फ्रिज में रखना, धूप मत लगने देना."

"वो तं समजलं. मगर बनता कायका है?"

दुकानदारानं खोकं परत घेतलं, बारीक अक्षरं डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाला, "सॅल्मन. मछली का है, काका. चलो, अगला कौन?"

रामलालचा हात आपसूक गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडं गेला. विचारलं नसतं तर बरं झालं असतं, असं त्याला जन्मात पहिल्यांदा वाटलं.

रामलाल तिरोड्याजवळच्या एका राइस मिलमध्ये मेस्त्री होता. कुठलीही वस्तू आतून कशी आहे हे पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. मिलचं इंजिन, शेजाऱ्याचा रेडिओ, सुनेची शिलाई मशीन, सगळं त्यानं एकदा तरी खोललेलं होतं. त्यातलं बरंचसं परत चालूही झालं होतं. म्हणूनच बायकोच्या, दुलारीच्या दुखण्यानं तो चक्रावला होता. तिची कंबर वाकली, साधा ठसका लागला तरी बरगडी दुखायची, म्हणजे हाडं कच्ची झाली हे उघड होतं. रामलालनं उपाय सुरू केला: सकाळ-संध्याकाळ दूध आणि दुधात चिमूटभर चुना. तरी दुलारी खंगतच गेली. सारखी तहान लागायची, पोट साफ व्हायचं नाही, वरणात मीठ दोनदा पडायचं किंवा पडायचंच नाही. तीनदा विचारावं तेव्हा "हूं" यायचं. आणि ही तीच दुलारी, जिच्या आवाजानं गल्लीतली कुत्री बाजूला व्हायची!

रक्त तपासलं तेव्हा गोंदियाच्या डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "काकाजी, यांच्या रक्तात कॅल्शियम आधीच जास्त आहे, आणि तुम्ही वरून चुना पाजताय?"

"जास्त? मंग हाडं काऊन कच्ची झाली?"

"गळ्यात चार बारीक ग्रंथी असतात. त्यातली एक बिघडलीय. ती हाडांतलं कॅल्शियम ओढून रक्तात सोडते."

रामलालच्या डोळ्यांत चमक आली. "म्हणजे वॉल्व लीक हाय!"

"तसंच समजा. नागपूरला ऑपरेशन करून ती काढावी लागेल. पण त्याआधी रक्तातलं कॅल्शियम खाली आणलं पाहिजे, नाहीतर किडनी जाईल. सलाइन देऊ आणि हे इंजेक्शन. एकही चुकवायचं नाही."

आणि ते इंजेक्शन निघालं मासोळीचं!

आता माळेची गोष्ट. बऱ्याच वर्षांपूर्वी गावात सप्ताह झाला होता. त्यात कीर्तनकारबुवांनी विचारलं, "कोण माळ घालणार?" तेव्हा बुवांची पेटी आतून कशी आहे हे पाहायला पुढं सरकलेला रामलाल सगळ्यांत आधी दिसला. त्यानं माळ घातली, आणि आपल्यासोबत घरादाराला घातली. त्या दिवसापासून बिसेनांच्या चुलीवर मासोळी चढली नाही. दुलारीनंही माळ निमूट पाळली. आता तिला कळलं तर ती सुई घेणार नाही, आणि नाही घेतली तर किडनी जाणार. रामलालनं ठरवलं की हे सांगायचंच नाही.

सलाइन संपवून दुलारी घरी आली. पुढच्या सुया घरीच द्यायच्या होत्या. त्यासाठी आरोग्य उपकेंद्रातल्या अल्का सिस्टर यायला तयार झाल्या. प्रश्न राहिला फ्रिजचा. गावात फ्रिज होता फक्त खेमराजच्या किराणा दुकानात, थंड पेयांच्या बाटल्यांनी भरलेला. रामलालनं औषधाचं खोकं स्टीलच्या डब्यात घातलं, डब्याला दोरी बांधली, दोरीला गाठ मारली आणि डबा खेमराजच्या स्वाधीन केला.

पहिली सुई टोचली आणि थोड्याच वेळात दुलारीचा चेहरा लालबुंद झाला. मग तिला मळमळायला लागलं.

"सिस्टर, हे काऊन होऊन राहिलं?" रामलालनं घाबरून विचारलं.

"होते ह्या औषधानं. चेहरा लाल होते, मळमळते. उद्यापासून संध्याकाळी देत जाऊ, झोपाच्या आधी."

रामलालला ते पटलं नाही. आतमध्ये माळ आणि मासोळी यांची झटापट चालू असणार, अशी त्याची खात्री झाली. त्यानं देवापुढं उदबत्ती लावली आणि चूक आपली आहे, बाईची नाही, असं देवाला स्पष्ट सांगून टाकलं.

इकडं लोडशेडिंगनं घात केला. सकाळी गेलेली वीज दुपार टळली तरी येईना. रामलाल थर्मास आणि बर्फ घेऊन खेमराजच्या दुकानात फ्रिजसमोरच ठाण मांडून बसू लागला. कोणी थंड बाटली मागितली की तो ओरडायचा, "दार नको उघडू बा! थंडाई जाते!"

"अजी काकाजी, मी धंदा कराचा की नाही?" खेमराज कावला. "एवढं काय हाय त्या डब्यात? सोनं हाय का?"

"औषध हाय."

"औषध तं सगळेच घेतात. कोणी दोरीनं बांधून नाही ठेवत. कायचं हाय?"

प्रश्न ऐकून रामलालला राहवलं नाही. ज्या माणसाला स्वतःला हा प्रश्न पडतो त्याला दुसऱ्याचा असा प्रश्न टाळणं फार जड जातं. तो खेमराजच्या कानाशी वाकला. "मासोळीचं हाय. पण कोणाले सांगू नोको."

"आपण कायले सांगू!" खेमराज म्हणाला, आणि त्यानं खरोखर कोणाला सांगितलं नाही. नुसतं विचारलं. जे गिऱ्हाईक येईल त्याला तो विचारायचा, "का गा, मासोळीचं इंजेक्शन असते काय?"

इतक्यात औषध लागू पडलं. एके सकाळी खाटेवरून आवाज आला, "अजी, पितळी गुंड कुठं गेला?"

रामलालच्या डोळ्यांत पाणी आलं. किती दिवसांनी तिनं आपणहून काही विचारलं होतं! त्यानं धावत जाऊन पाण्याचा गुंड दाखवला. मग तिनं विचारलं की वासरू पेरूच्या झाडाला कोणी बांधलं. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा कोणी घातला. शिलाई मशीनचा पाय परत काऊन निघाला. दुपारपर्यंत रामलालच्या डोळ्यांतलं पाणी आटलं होतं. संध्याकाळी अल्का सिस्टर सुई भरत असताना दुलारी नवऱ्याकडं वळली.

"हे सुई कायची बनते?"

"कॅ... कॅल्शियम कमी कराची हाय."

"ते मले ठाऊक हाय. बनते कायची?"

रामलालनं छताकडं पाहिलं. "कारखान्यात बनते."

दुलारीनं दंड सिस्टरपुढं केला, नजर मात्र नवऱ्यावरच ठेवली. ती नजर पाहून रामलालला वाटलं, वॉल्वचं काम जरा जास्तच चांगलं झालं.

दर मंगळवारी हेच डॉक्टर तिरोड्याला यायचे. तिथं दुलारीचं रक्त तपासायला दिलं, तिला डॉक्टरांच्या खोलीत बसवलं, आणि तेवढ्यात रामलाल बर्फ शोधायला बाजारात गेला. परत आला तेव्हा दुलारी बाहेर बाकावर बसली होती. चेहऱ्यावर काहीतरी होतं, पण ते काय हे त्याला समजलं नाही.

"काय म्हणला डॉक्टर?"

"तब्येत सुधरून राहिली म्हणला. चला."

दोन दिवसांनी वच्छला दारात आली. वच्छला गावच्या बोडीत, म्हणजे लहानशा तळ्यात, मासोळी धरायची आणि टोपलीत घालून गावोगाव विकायची. या घरासमोरून मात्र ती एवढी वर्षं मान खाली घालून जायची. आज ती सरळ सपरीत, घरापुढच्या ओसरीवर चढली आणि टोपलीवरचं फडकं काढलं. आत एक जाडजूड मरळ शेपटी आपटत होती.

"बाई, तुमाले मासोळीचं इंजेक्शन लागते म्हणे. खेमराज विचारून राहिला होता. मी म्हटलं, परदेशातली कायले टोचता? आपल्या बोडीतली ताजी हाय. ही पाहा!"

रामलाल घरातून असा धावला की उंबऱ्यात ठेचकाळला. "वच्छला, उचल! उचल आधी ते!"

"थांब वच्छला," दुलारी म्हणाली. ती काठी टेकत उठली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली. एरवी वाकणारी कंबर आज बरीच सरळ होती. "अजी, खरं हाय काय?"

रामलालनं एकदा मरळीकडं पाहिलं, एकदा बायकोकडं. मरळही त्याच्याकडंच पाहत असल्यासारखी वाटली. "खरं हाय," तो म्हणाला. "मी लपवलं. तू सुई घेतली नसती तं किडनी गेली असती. पाप लागन ते मले लागू दे."

"म्हणजे मले मासोळी टोचली. रोज. माळ गळ्यात असताना."

"हो."

"मंग माळ तुटली की नाही?"

"तसं... शास्त्र पाहाल तं... तुटलीच म्हणा लागन."

दुलारीनं दोन्ही हातांनी माळ डोक्यावरून काढली, कपाळाला लावली आणि देवघरात ठेवली. रामलालला पुढचं सगळं दिसू लागलं. आता ही रडणार, खाटेवर पडणार, सुई बंद म्हणणार. दुलारी परत आली ती पदर खोचूनच.

"वच्छला, साफ करून दे. पाठीकडचे तुकडे मोठे ठेवजो. अजी, तुम्ही अद्रक-लसूण सोला."

"मी?"

"मले वाकता येत नाही."

त्या संध्याकाळी बिसेनांच्या घरातून जो वास निघाला त्यानं अर्धं गाव थबकलं. दुलारीचं माहेर नवेगावबांधच्या तलावाजवळचं. तिथं मासोळी आठवड्यातून चार वेळा शिजायची, हे रामलालला तिनं भिजवलेल्या जवसाचं वाटण घालताना पहिल्यांदा समजलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, मशीन म्हणून मशीन त्यानं खोलून पाहिलं, पण हे काही त्याच्या कानावर आलं नव्हतं. दुलारी काटे बाजूला काढत अशी जेवली की जणू मधली वर्षं गेलीच नव्हती. रामलाल दुसऱ्या कोपऱ्यात वरण-भात घेऊन बसला. वाईट वाटावं असा हा प्रसंग होता, पण ती दोन वेळा भात मागून जेवली, हे पाहून त्याला वाईट वाटेना.

मासोळी मग दर बाजाराला येऊ लागली. पुढच्या तपासणीला रामलाल एकटाच रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडं गेला.

"उत्तम!" डॉक्टर म्हणाले. "कॅल्शियम खाली आलंय. पुढच्या आठवड्यात नागपूरला ऑपरेशन करून घ्या. अजून काही विचारायचंय?"

विचारायचं होतंच. कित्येक दिवसांपासून त्याच्या डोक्यात ते घोळत होतं. "साहेब, एका सुईले किती मासोळ्या लागतात? अन् ते औषध तिच्या नेमकं कुठून काढतात? कल्ल्यातून काय?"

डॉक्टर हसले. "एकही लागत नाही, काकाजी. आपल्या शरीरात असतं तसंच द्रव्य त्या माशाच्या शरीरात असतं, पण जास्त जोरदार. त्याची नक्कल करून ते आता कारखान्यात बनवतात. त्यात मासा नाही."

"नाही?"

"अजिबात नाही. फक्त नावात आहे."

रामलाल खुर्चीत मागं टेकला. म्हणजे माळ तुटलीच नव्हती! बिचारीनं उगाच काढली. आता घरी जाऊन तिला सांगायचं, की सगळं व्यर्थ झालं? "साहेब," तो हळूच म्हणाला, "हे आमच्या घरी सांगू नका. तिच्या मनाले लागन."

"त्यांना?" डॉक्टर दुसऱ्या पेशंटचा कागद उचलत म्हणाले, "त्यांना ठाऊक आहे. मागच्या मंगळवारी... नाही, त्याआधीच्या मंगळवारी, तुम्ही बर्फ आणायला गेला होतात ना? गावात काहीबाही ऐकलं म्हणाल्या. हेच विचारलं त्यांनी. मी हेच सांगितलं."

रामलाल बसस्टँडपर्यंत चालत आला. वाटेत त्यानं मंगळवार आणि वच्छलाची टोपली कितीदा तरी मागंपुढं करून पाहिली. दर वेळी मंगळवार टोपलीच्या आधीच येत होता.

घरी पोचला तेव्हा दुलारी जेवायला वाढत होती. तिच्या ताटात मासोळीचा रस्सा, त्याच्या ताटात वरण.

"काय म्हणला डॉक्टर?"

"चांगलं हाय म्हणला. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात."

"अजून काही?"

रामलालनं तोंड उघडलं. समोर दुलारी ताठ बसली होती, डोळे लखलखीत, हातात मासोळीचा तुकडा, आणि त्याच्या उत्तराची वाट पाहत होती. ते डोळे त्याला किती दिवसांनी असे दिसले होते.

"नाही," तो म्हणाला.

"काही विचाराचं हाय काय तुमाले?"

"नाही."

"मंग जेवा," दुलारी म्हणाली, आणि तिनं त्याच्या वरणात तुपाची धार जरा जास्तच सोडली.