नियम क्रमांक अकरा

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी परबकाका दर महिन्याच्या एक तारखेला स्वतःलाच नोटीस काढायचे. नोटीसबोर्डावर वळणदार अक्षरात लिहिलेलं असे, "खोली क्र. ३ चे रहिवासी श्री. वि. गो. परब यांस कळविण्यात येते की, आपण मागील आवारात पक्ष्यांस खाद्य टाकून नियम क्रमांक अकराचा भंग करीत आहात. ही शेवटची समज समजावी." खाली सही, वि. गो. परब, सेक्रेटरी. दुसऱ्या दिवशी त्याच कागदावर, त्याच पेनाने "नोटीस मिळाली" असं लिहून पुन्हा तीच सही. ही शेवटची समज सात महिन्यांत सात वेळा देऊन झाली.

लोक आधी हसले. मग जिन्यात कुजबुज सुरू झाली की काकी गेल्यापासून काकांचं काही खरं नाही. मी त्यांचा जॉइंट सेक्रेटरी, म्हणजे मीटिंगचे मिनिट्स लिहिणारा. त्यामुळे लोक मला विचारायचे आणि मी खांदे उडवायचो.

काका मूळचे मालवणकडचे. तरुणपणी गिरणीत टाइमकीपर होते. कोण किती वाजता आत शिरला ते लिहून ठेवायचं, हे काम. गिरणी बंद पडली, पण काकांचं लिहिणं काही बंद पडलं नाही. पाणी किती वाजता आलं, कचऱ्याची गाडी किती वाजता गेली, सगळं एका वहीत. बोलतानाही दर दोन वाक्यांनी "रेकॉर्डवर घे" ठरलेलं. एकदा माझ्या बायकोने त्यांना सोलकढी कशी झालीय विचारलं, तर घोट घेऊन डोळे मिटून म्हणाले, "बरी आसा. मीठ वायच कमी. रेकॉर्डवर घे."

नियम क्रमांक अकरा त्यांनीच केलेला. आमची बिल्डिंग कांजूरमार्गला, मागच्या बाजूला पाण्याची टाकी, एक पेरूचं झाड आणि कंपाउंडची भिंत एवढंच आवार. तिथे पाखरांना काही घालायचं नाही, यावर काका ठाम. "अरे, बाजूक कचऱ्याचा डम्पिंग आसा. कावळ्यांका बारा महिने लग्नघरचा जेवाण. मगे तू आणि हय कित्याक वाढतंस? पाखराक फुकटची सवय लागली की ता आळशी जाता. माणसासारख्याच." कबुतरांचं तर नावही त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती.

आणि हा नियम बिल्डिंगमध्ये एकच माणूस मोडायचा. त्यांची बायको.

काकी रोज सकाळी सात वाजता मागच्या पायरीवर बसायच्या. एका बाजूला ज्वारी टाकायच्या, ती चिमण्या-कबुतरांची. दुसऱ्या बाजूला केळीच्या पानाच्या तुकड्यावर भाताची मूद आणि बांगड्याचं डोकं, ते कावळ्यांचं. त्यांच्या मागे दारात चहाचा कप घेऊन काका उभे, आणि मोठ्या आवाजात सुरू, "रेकॉर्डवर घे. नियम क्रमांक अकरा. मागील आवारात पक्ष्यांस खाद्य टाकण्यास सक्त मनाई आहे." काकी मान न वळवता म्हणायच्या, "घेतलंय. तुमची चाय थंड जाता." रोज. आमचं स्वयंपाकघर बरोबर त्या पायरीच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. नियम अकरा ऐकू आला की माझी बायको मुलाला शाळेसाठी उठवायची.

कावळ्यांत एक लंगडा होता. त्याचं नाव काकींनी भावजी ठेवलं होतं, कारण काकांचा धाकटा भाऊही नेमका जेवणाच्या वेळेला, न कळवता उगवायचा. "भावजी, येवा, पान वाढलंय," म्हणायच्या. काका चिडायचे, "माझ्या भावाचो अपमान करतंस." काकी म्हणायच्या, "कावळ्याचो करतंय."

मागच्या श्रावणात काकी गेल्या. दोन दिवस ताप आला आणि तिसऱ्या दिवशी सगळं संपलं. दहाव्याला घाटावर मी काकांच्या शेजारी उभा होतो. आमच्याकडे त्या दिवशी पिंडाला कावळा शिवेपर्यंत जीव टांगणीला असतो. माणसाची इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, मग घरचे हात जोडून एकेक कबूल करत जातात, पोरांना सांभाळू, घर मोडू देणार नाही. इथे पिंड ठेवून लोक जेमतेम मागे सरले, तोच कावळा झेपावला आणि शिवला. गुरुजी म्हणाले, "भाग्यवान बाई. तृप्त होऊन गेली." सगळ्यांना हायसं वाटलं.

परतताना रिक्षात काका मनगटावरचं घड्याळ बघत होते. मग म्हणाले, "चाळीस सेकंद."

"काय काका?"

"चाळीस सेकंदात कावळो शिवलो. पंचेचाळीस वर्सांचो संसार, आणि तिची कायएक इच्छा मागे उरली नाय? माझ्यासाठी मिनिटभर पण थांबाक नाय?"

टाइमकीपर माणूस, त्याने त्याही वेळी घड्याळ लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता काका मागच्या पायरीवर बसलेले दिसले. एका बाजूला ज्वारी, एका बाजूला पान. नियम वगैरे काही नाही, तोंड मिटलेलं. भावजी पेरूच्या फांदीवर येऊन बसला, मान वाकडी करून बघत राहिला आणि निघून गेला. बाकीचे कावळे जेवून गेले, कबुतरांनी तर गावजेवण घातल्यासारखी गर्दी केली. भावजी मात्र खाली आला नाही. त्या दिवशी नाही, महिनाभर नाही, पुढेही नाही.

मी एकदा खाली जाऊन विचारलं, "काका, तुम्ही आणि दाणे?"

"घाटावरचो कावळो तिका काय वळखता रे?" काका म्हणाले. "हो भावजी वळखता. तिचा काय रवला आसा ता ह्याकाच ठावक. हो शिवाक व्हयो."

मग रोज ते त्याला एकेक कबूल करू लागले. बीपीची गोळी चुकवणार नाही. लेकीला दर रविवारी फोन करीन. बायकोच्या भावाशी बोलेन, बारा वर्षांचा अबोला सोडीन. आणि सगळं खरोखर करायचे. मेहुण्याला फोन लावला तेव्हा तो बिचारा घाबरून "कोण आजारी आहे?" विचारू लागला. भावजी फांदीवरून ऐकून घ्यायचा आणि उडून जायचा. काका आत जाऊन नियम मोडल्याचं वहीत लिहायचे, आणि एक तारखेला स्वतःला नोटीस.

हे असंच चाललं असतं, पण पहिल्या मजल्यावरच्या कस्तुरीचा खोकला वाढला. आठ वर्षांची पोर, धाप लागून बसायची. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, घराजवळ कबुतरं येतात का. तिच्या आईने लेखी तक्रार दिली आणि मीटिंग बोलवावी लागली.

काकांनी स्वतःविरुद्धची तक्रार खणखणीत वाचली. मग म्हणाले, "खोली क्रमांक तीनने खुलासा करावा." कुणी हसायच्या आत खुर्चीवरून उठले, टेबलाला वळसा घालून समोर जाऊन उभे राहिले. "माझी चूक आसा," रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाले. "पोरीच्या छातीपेक्षा कावळो मोठो नाय. माका फक्त या महिन्याची मुदत देवा." पुन्हा वळसा घालून खुर्चीत बसले. "मुदत मंजूर. एक तारखेपासून दाणा, भात, मासळी सगळा बंद. रेकॉर्डवर घे."

मी लिहून घेतलं. लिहिताना मला फार वाईट वाटत होतं, कारण ती मुदत कशासाठी हवी आहे हे त्या खोलीत मला एकट्याला माहीत होतं.

ठराव आजही पाळला जातो. ज्वारी बंद झाली तशी कबुतरं पांगली आणि कस्तुरी आता जिन्यातून पळत उतरते. पण मुदतीच्या शेवटच्या दिवशी काय झालं ते मिनिट्समध्ये नाही.

त्या सकाळी मी मुद्दाम खाली गेलो. काकांनी ज्वारी टाकलीच नव्हती. फक्त पान, मूद आणि बांगड्याचं डोकं. भावजी फांदीवर. काका हात जोडून म्हणाले, "आता माझ्याकडे कबूल करूक काय नाय रे बाबा. सगळा झाला." पाच मिनिटं गेली, दहा गेली. काका गुडघ्यावर हात टेकून उठले, आत जाऊन चहाचा कप घेऊन आले आणि दारात उभे राहिले. उद्यापासूनचा नियम पाखरांना सांगायला हवा असं त्यांना वाटलं असावं. सात महिन्यांनी त्यांनी तो आवाज काढला.

"रेकॉर्डवर घे. नियम क्रमांक अकरा. मागील आवारात पक्ष्यांस खाद्य टाकण्यास सक्त मनाई..."

भावजी फांदीवरून सरळ खाली उतरला. लंगडत पानापाशी आला, आधी मुदीत चोच घातली, मग बांगड्याचं डोकं उचललं आणि भिंतीवर बसून निवांत खाऊ लागला. इतकी वर्षं तो आवाज ऐकूनच तर जेवायला उतरत होता तो.

काका हलले नाहीत. घड्याळाकडे त्यांनी पाहिलं नाही. बऱ्याच वेळाने म्हणाले, "म्हंजे भांडाण व्हया होता तिका. माझा. रोजचा."

डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचं त्यांना सुचलं नाही. पायरीवर बसले, चहाचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"थंड झाली," म्हणाले. मग माझ्याकडे वळून, अगदी हळू आवाजात, "ह्या रेकॉर्डवर घेव नको हां."