सामंतकाकांच्या गाडीचा मागचा ब्रेक

सामंतकाका माणसाकडे नंतर बघायचे, आधी त्याच्या गाडीखाली बघायचे.

आमच्या नेरूळच्या सोसायटीत कुणाकडे पाहुणा मोटार घेऊन आला, की काका मागच्या चाकांपाशी उकिडवे बसलेच म्हणून समजा. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात नवरदेवाची फुलांनी सजवलेली गाडी हॉलच्या दारात आली आणि काका इस्त्रीच्या शर्टानिशी तिच्याखाली डोकं घालून बसले. मुलीच्या मामांना वाटलं, नवऱ्याचे जोडे लपवायचं काम कुणी या म्हाताऱ्याला दिलंय.

"काय शोधताय?" मामांनी विचारलं.

"गोत्र!" काका खालूनच म्हणाले.

काका ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झालेले. मूळचे मालवणकडचे. ज्या वयात माणसं स्कूटरसुद्धा विकून टाकतात, त्या वयात त्यांनी एक जुनी अमेरिकन गाडी आणली. फिकट निळी आणि एवढी लांब, की सेक्रेटरींनी मीटिंगमध्ये विचारलं, "ही गाडी आहे का सी विंग?" काकूंना मात्र तिच्यात बसलेलं आम्ही कुणी पाहिलं नव्हतं. शालिनीकाकू घराबाहेरच पडत नसत. माझ्या बायकोचं म्हणणं, "नवऱ्याच्या वेडाला कंटाळल्या असतील. मी असते तर माहेरी गेले असते."

गाडीचं दुखणं मागच्या ब्रेकमध्ये होतं. ज्यांना आतून धरून ब्रेक चाक थांबवतो, ते ड्रम झिजून लंबगोल झालेले. ब्रेक दाबला की एकदा धरायचा, एकदा सोडायचा, आणि गाडी हिसके देत देत थांबायची. ड्रम नवे बसवावेत, तर या ॲक्सलला बसणारे ड्रम मिळेनात. कारण आधीच्या कुठल्यातरी मालकानं मागचा ॲक्सल, म्हणजे मागची दोन चाकं जोडणारा कणाच, बदलला होता.

"म्हणजे बघ शिरीष," काका मला सांगत, "गाडी एका घराण्यातली आणि मागचा ॲक्सल दत्तक घेतलेला. आता दत्तक कुठून आणलाय ते कळल्याशिवाय सोयरीक जुळवायची कशी?"

म्हणून ते गाडी दिसली की खाली वाकत. ॲक्सलच्या मधल्या फुगीर डब्याचा आकार कसा, झाकणाला बोल्ट किती, यावरून त्याची जात ओळखता येते म्हणे. आपल्यासारखा डबा आणखी कुणाकडे आहे का, हे ते शोधत होते. एवढा उपद्व्याप कशाला, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "अरे, पळायला काय, कुणीही पळतं. थांबायला रीत लागते."

शेवटी कुणीतरी जासईच्या हरिभाऊंचं नाव सांगितलं. कंटेनर यार्डांच्या मागे त्यांचं गॅरेज आणि भंगाराचं आवार होतं. रविवारी मीही काकांबरोबर गेलो. जाताना गाडीनं मला इतके हिसके दिले, की जासईला उतरल्यावर मी आधी मान जागेवर आहे का ते पाहिलं.

हरिभाऊ गाडीखाली सरकले आणि बराच वेळ खालीच राहिले. मग म्हणाले, "काका, ह्यो ॲक्सल जुना हाय. ह्याचा ड्रम पुलर लावून उपटाला लागतो. तो नको ठेवू. माझ्याकडं ह्याच्याच घरातला पन मागून आलेला एक हाय. ड्रम रुंद हाय नि हातानं निघतो."

"धाकटा भाऊ!" काका ओरडलेच. भंगारातून ओढून काढलेला तो गंजका ॲक्सल त्यांनी रुमालानं पुसला. बोल्ट मोजले, पुन्हा मोजले, आणि एखाद्या मुलाला पसंत करावं तसं त्याच्यावरून हात फिरवला.

नवा ॲक्सल आणि रुंद ड्रम बसले, ब्रेकचे लायनर घासून झाले, आणि मग माझी परीक्षा सुरू झाली. संध्याकाळी ऑफिसातून आलो की काका मला खाडीकडच्या रिकाम्या रस्त्यावर न्यायचे. मी मागच्या सीटवर. हातात पाण्यानं काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला. काका गाडी पळवून ब्रेक दाबायचे.

"सांडलं?"

"सांडलं."

"किती?"

"पँट भिजली, काका."

मग ते उतरून ब्रेक थोडा सैल करत, थोडा आवळत. रोज भिजून घरी येणाऱ्या नवऱ्याबद्दल माझ्या बायकोनं शेजारी काय सांगितलं, ते सोडा. एका संध्याकाळी मात्र गाडी थांबली आणि पेल्यातलं पाणी नुसतं थरथरलं. काकांनी मागे वळून पेला माझ्या हातातून घेतला आणि पाणी काठापर्यंत आहे ना ते पाहिलं. मला वाटलं, आता पेढे मिळणार.

"उद्या सकाळी जरा वर येशील?" ते म्हणाले. "काकूला खाली आणायचंय. मला एकट्याला जमत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्यांदा त्यांच्या आतल्या खोलीत गेलो. काकू पलंगावर पडून होत्या. मणक्यात गाठ होती. ऑपरेशन झालं होतं, पण ती पुन्हा वाढत होती. जरा धक्का बसला की मानेपासून पायापर्यंत कळ जायची. हॉस्पिटलात नेताना टॅक्सीच्या एका ब्रेकनं त्या बेशुद्ध पडल्या होत्या. त्यानंतर त्यांनी बाहेर पडायचं नावच टाकलं होतं.

"मागची सीट मापून घेतली मी," काका हळूच म्हणाले. "ती सरळ झोपू शकते. म्हणून ही गाडी."

आम्ही दोघांनी काकूंना चादरीत उचलून खाली आणलं. पाठीशी उशा लावल्या. "हॉस्पिटल ना?" मी विचारलं.

"हॉस्पिटल कसलं!" काकू म्हणाल्या. "उरणला चला. तीन वर्षं झाली, हे शिळे बांगडे आणतायत आणि मी निमूट खातेय."

काकांनी सगळ्या वाटेत जोरात श्वाससुद्धा घेतला नसेल. उरणच्या बाजाराशी गाडी उभी राहिली, तरी काकू डोळे मिटून होत्या. "शालू, आलो," काका म्हणाले. त्यांनी डोळे उघडले. "थांबलो होय? मला कळलंच नाही." काका एकदम दरवाजा उघडून बाहेर गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

कोळीण टोपली घेऊन खिडकीशी आली. पडल्या पडल्या काकूंनी मासा हातात घेतला, कल्ले उघडून पाहिले. "ह्यो कालचो गो बाये, दुसरो दाखव!" त्यांचा आवाज एवढा खणखणीत असेल, असं मला वाटलं नव्हतं. कोळीणही हसली. "म्हातारी लय हुशार हाय!"

असे ते आणखी दोनदा जाऊन आले. मग काकूंना उचलणंही जमेनासं झालं. दिवाळीनंतर त्या गेल्या.

शववाहिकेत काकांच्या शेजारी मी बसलो होतो. रस्ता खणून ठेवलेला होता आणि ड्रायव्हर घाईत होता. गाडी खड्ड्यात आपटली तसे काका बाकावरून उतरून खाली बसले. त्यांनी काकूंचं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं, आणि प्रत्येक खड्ड्याबरोबर ते जरासं वर उचलून धरू लागले.

"काका," मी म्हणालो, "वर बसा. आता त्यांना..."

"तू बस रे," ते म्हणाले. "तिची मान दुखते."