दमयंतीचं पोट

चंद्रप्रकाश परबांच्या पोटावरची कातडी चिमटीत धरली, की जाडी अठ्ठावीस मिलिमीटर भरत होती. त्याच्या बायकोने, नलिनीने, तीनदा मोजली. त्यासाठी तिने मुलीच्या इंजिनीअरिंगच्या दिवसांतला व्हर्निअर कॅलिपर माळ्यावरून काढला होता. तीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केलेल्या बाईला अंदाज चालत नाही.

"अठ्ठावीस. चिमटीत दोन थर येतात, म्हणजे चरबी चौदा मिलिमीटरसुद्धा नाही," ती म्हणाली. "बाकीचं पोट आत आहे, आतड्यांभोवती. लायपोसक्शनची नळी कातडीखाली फिरते. आत जात नाही."

"आणि गेली तर?"

"आतड्याला भोक पडतं. पान दोनवर आहे. वाचा तरी अहो!"

ती चार पानं डॉक्टरांनी दिली होती, मराठीत. सोबत अट होती. पुढच्या शनिवारी येऊन यातले धोके स्वतःच्या शब्दांत सांगायचे, मगच ऑपरेशनची तारीख. चंद्रप्रकाशने पानांची घडी घातली आणि सोंगाच्या रंगपेटीत ठेवून दिली.

रंगपेटी त्याच्या आयुष्यात महत्त्वाची होती. सोमवार ते शुक्रवार तो विमा कंपनीत हेडक्लार्क असे. पण भांडुपच्या हौशी दशावतारी मंडळात तो बावीस वर्षं नायिका होता. दशावतारात बायकांची सोंगं पुरुषच घेतात, आणि चंद्रप्रकाश पदर सावरत मंचावर आला की पहिल्या रांगेतल्या बायका आपलाही पदर सावरत. गेल्या वर्षी मात्र घोटाळा झाला. दमयंती रानात उपाशी भटकत होती. मागून कोणीतरी ओरडलं, "दमयंती, काल जेवणाक काय होता गो?" हशा नळराजा येईपर्यंत थांबला नाही.

मंडळाचे प्रमुख दादू यांनी तीन महिन्यांपूर्वीच सुचवलं होतं. "चंदू, नायिका आता त्या केयूराक करूंदे. तू सुरवातीचो गणपती कर. पयलो मान तुझो."

"सांगतंय," विषय टाळत चंद्रप्रकाश म्हणाला होता. त्यानंतर नऊ वेळा विचारून झालं, नऊही वेळा तो "सांगतंय" म्हणाला. गणपतीला गाणं नसतं. सोंड लावून बसायचं, मान डोलवायची, आत जायचं. त्यापेक्षा पोटच काढून टाकलेलं बरं, असं त्याने ठरवलं.

प्रयोग आठ दिवसांवर आला. त्या रविवारी रंगीत तालीम होती आणि नलिनी ड्यूटीवर होती. त्याच सकाळी ऑनलाइन मागवलेला पट्टा घरी आला. लायपोसक्शननंतर काही आठवडे असा घट्ट पट्टा घालावा लागतो, एवढं चंद्रप्रकाशच्या लक्षात राहिलं होतं. मग त्याला एक झकास कल्पना सुचली. पट्ट्यानेच पोट आत जात असेल, तर ऑपरेशनपर्यंत थांबायचं कशाला?

माप त्याने ऑपरेशननंतर होणार असलेल्या पोटाचं दिलं होतं. त्यामुळे चेन लावायला त्याला पलंगावर आडवं पडावं लागलं, आणि सगळा श्वास सोडावा लागला. तो श्वास नंतर पुरता परत आलाच नाही. पण आरशात पोट नव्हतं.

हॉलमध्ये तो नऊवारी नेसून आला तेव्हा दादूंच्या हातातला चहा सांडला.

"मेल्या, पोट खंय गेला?"

"काढून टाकला," चंद्रप्रकाश म्हणाला. "गुरुवारी. लायपोसक्शन."

एकच जल्लोष झाला. मृदंगवाल्याने थाप दिली. चोवीस वर्षांचा केयूर मनातून खट्टू झाला, पण त्यानेही हात मिळवला. "काका, डेरिंग आहे तुमची! डेंजर असतं ना ते?"

"डेंजर? वाच मोठ्यान," असं म्हणून चंद्रप्रकाशने रंगपेटीतली चार पानं त्याला दिली. ती आपणही आत्ताच पहिल्यांदा ऐकणार आहोत, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

केयूर वाचू लागला. "रक्तस्राव. जंतुसंसर्ग. कातडीखाली पाणी साचणं. पोट उंचसखल दिसणं."

"उंचसखल?" चंद्रप्रकाशने विचारलं.

"हो, कायमचं राहू शकतं म्हणे. कातडी बधिर होणं. भुलीच्या औषधाचं प्रमाण जास्त झाल्यास हृदयावर परिणाम. पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणं. लक्षणं: अचानक धाप, छातीत दुखणं, चक्कर. ताबडतोब रुग्णालय गाठावे, अन्यथा..." केयूर थांबला. "काका, तुम्हाला घाम आलाय."

"रंगाचो घाम तो," दादू म्हणाले. "चला, रानातलो प्रवेश!"

दमयंतीचं पद लांबलचक होतं. दुसऱ्या ओळीला चंद्रप्रकाशच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिसऱ्या ओळीला आवाज गेला, आणि चौथ्याला दमयंती झाडाखाली अशी कोसळली, की अख्खा हॉल टाळ्यांनी दणाणला.

"वा रे वा!" दादू ओरडले. "बावीस वर्सांत अशी मूर्च्छा बघूक नाय!"

टाळ्या थांबल्या. दमयंती उठेना.

"धाप," केयूर पान चाचपत म्हणाला. "चक्कर. काका, छातीत दुखतंय?"

चंद्रप्रकाशने होकारार्थी मान हलवली. छाती खरोखरच दुखत होती.

"वाट लागली! गुठळी! रिक्षा बोलवा!"

रिक्षात केयूरने नलिनीला फोन केला: काकी, काकांना धाप लागलीये, लगेच हॉस्पिटलात या. पंधरा मिनिटांत दमयंती नथ, मळवट आणि गजऱ्यासकट कॅज्युअल्टीत आडवी होती. शेजारी हातात गणपतीची सोंड घेऊन दादू उभे होते; घाईत ती ठेवायची राहून गेली होती.

डॉ. अबोली तरुण होत्या आणि भराभर बोलत होत्या. "लायपोसक्शन कधी झालं?"

"गुरुवारी," केयूर म्हणाला.

"तिसऱ्या दिवशी नाचत होते? सिस्टर, ऑक्सिजन लावा. सीटी स्कॅनला फोन करा. रक्त पातळ करायचं इंजेक्शन तयार ठेवा."

तेवढ्यात नलिनी धावत आत आली. "काय झालं?"

"ऑपरेशननंतरची गुठळी असावी," डॉ. अबोली म्हणाल्या.

"कुठलं ऑपरेशन?"

सगळ्यांनी दमयंतीकडे पाहिलं. दमयंतीने इंजेक्शनच्या सुईकडे पाहिलं.

"झालाच नाय," ती पुरुषी आवाजात म्हणाली. "पट्टो घातलंय. घट्ट झालो."

चेन हलेना, तेव्हा सिस्टरने कात्री चालवली. पट्टा फाटला आणि पोट सावकाश, कोणाचीही भीडभाड न ठेवता आपल्या जागी परत आलं. चंद्रप्रकाशने सकाळपासूनचा पहिला पुरा श्वास घेतला. डॉ. अबोलींनी तरीही ईसीजी काढला, रक्त तपासलं, तासभर ऑक्सिजनवर नजर ठेवली. सगळं ठीक निघालं.

"सकाळपासून काय खाल्लंत?"

"कायच नाय. जागाच नव्हती."

दादू तोंड फिरवून हसू लागले. "पयल्यांदाच रे! दमयंती खरीच उपाशी रवली!"

नलिनी हसली नाही. तिने केयूरच्या हातातून पानं घेतली. रिक्षात घट्ट धरल्यामुळे ती चुरगळली होती. "हा नुसता कापडाचा पट्टा होता. त्याने एवढं झालं. खरंच कातडीखालून नळी फिरली असती, तर यातला कुठला धोका आला असेल, हे मला येताना रिक्षात एकटीने मोजावं लागलं असतं. शनिवारी डॉक्टरांना काय सांगणार?"

"गुठळी. पाणी साचणं. उंचसखल. जंतू. आतड्याक भोक," त्याने बोटांवर मोजलं. "आणि एवढा करून आतला पोट थंयच."

"आणि नायिका कोण?" केयूरने हळूच विचारलं. "बोर्ड उद्या रंगवायला द्यायचाय."

चंद्रप्रकाशने नाकातली नथ काढली. ती थोडा वेळ तळहातावर धरून पाहिली, मग केयूरच्या हातात दिली. दुसरा हात त्याने दादूंकडे पसरला आणि सोंड मागून घेतली. ती पोटावर छान विसावली.

"दादू," तो म्हणाला, "गणपती मी करतलंय."