न वाचलेलं शेवटचं प्रकरण

आमच्या वाचनालयात साहसकथांचं एक कपाट आहे. त्यातलं कुठलंही खजिन्याचं पुस्तक काढून बघा. पहिली दोनशे पानं मऊ पडलेली, कोपरे मुडपलेले, कडेला चिखलाच्या बोटांचे ठसे. शेवटचं प्रकरण मात्र कोरं करकरीत. ही सगळी करामत एकट्या बाळारामदादांची. खजिन्याचं पुस्तक ते कधीच शेवटपर्यंत वाचत नसत.

"का हो दादा?" मी एकदा विचारलं.

"गावला का संपला," ते म्हणाले. "मंग वाचाचा काय? शोधतान तवरच मजा हाय, बाय."

धामणकर नाक्याजवळच्या या वाचनालयात मी पुस्तकं देते-घेते आणि राहते खारबावला, दादांच्या शेजारी. त्यामुळे चिखलाच्या ठशांवरून त्यांना बोलायचा हक्क मला दोन्हीकडून आहे. मी तो बजावतेही. दादा मुकाट ऐकून घेतात आणि पुढच्या सोमवारी पुन्हा ठसे घेऊन हजर होतात.

दादा अडुसष्ट वर्षांचे. रस्त्याकडची जमीन गोडाऊनला गेली, मुलं त्या व्यवहारात रमली आणि दादा साहसाला मोकळे झाले. शेअर रिक्षातून उतरतात ते पांढरा शर्ट आणि पायांत गमबूट अशा थाटात. भर मे महिन्यातही गमबूटच. कारण त्यांच्या पुस्तकांतले सोनं शोधणारे गडी बर्फातून चालतात. दादांनी बर्फ पाहिलाय तो फक्त मच्छीमार्केटात. पण ते काही त्यांच्या आड येत नाही. कोथिंबीर आणायला निघाले तरी म्हणणार, "मोहिमेवर जातंय." घरच्या मांजराचं नाव खलाशी. आणि कुठलीही गोष्ट सांगायची झाली की आधी डावीउजवीकडे बघून, "शत्रूला सुगावा लागता नये."

गावात कुठेही पाया खणायला जेसीबी आला की दादा डबा घेऊन ड्युटीवर.

"चाचा, पीछे हटो, दब जाओगे!" जेसीबीवाला ओरडायचा.

"तू खोद रे, कप्तान. हम देखता हाय," असं म्हणून दादा मातीच्या ढिगावर वाकायचे.

लोक हसायचे. मीही हसले आहे. पण दादांचं हे वेड कुठून सुरू झालं, हे गावात कुणाला नव्यानं सांगायची गरज नव्हती.

चाळीस वर्षांपूर्वी, लावणीच्या दिवसांत, त्यांच्या बायकोच्या, म्हणजे हिरावहिनींच्या कानातलं सोन्याचं फूल खालच्या खाचरात पडलं. मागची फिरकी सैल झाली असणार. ती जोडी सासूनं लग्नात घातलेली. सासू ओट्यावर, लावणीला आलेल्या सगळ्या आवणकरणींसमोर म्हणाली, "परला न्हाय, तुझ्या आयशीला नेऊन दिलास." वहिनींनी दुसरं फूलही त्याच दिवशी कानातून काढलं आणि तांदळाच्या डब्यात ठेवून दिलं. पुढे त्यांनी कानात सोनं घातलंच नाही, जत्रेतल्या खड्यांवर भागवलं. त्यांची आई वारली. सासूनं नव्वदी गाठली. सासू-सुनेचं तसं बरं चाललं होतं, पण ते एक वाक्य घरातून हललं नव्हतं.

दादांनी सगळी जमीन जाऊ दिली, खालचं खाचर तेवढं ठेवलं. दर वर्षी भात कापून झालं की ते तिथे शोधायला उतरायचे. यंदा मात्र मुलांनी तेही गोडाऊनला द्यायला त्यांना राजी केलं. पुढच्या महिन्यात मुरमाचा भराव पडणार होता. एकदा मुरूम पडला, वर सिमेंट आलं, की फूल कायमचं खाली.

मग दादांनी शेवटची मोहीम काढली. ओळखीच्या लूमवाल्याकडून रंगीत टाकाऊ सुताची पोतडी आणली आणि सगळ्या खाचरात काठ्या रोवून सुताचे चौकोन पाडले. एका चौकोनाची माती उकरायची, भाताच्या चाळणीनं चाळायची, मगच पुढचा चौकोन. लांबून बघणाऱ्याला वाटावं, इथे कुणाचं तरी लग्न आहे. तीन आठवडे दादा त्या चौकोनांत बसून होते. मिळालं काय? दोन विळे, एक बैलाची घंटी आणि नातवाचा हरवलेला चेंडू.

भरावाला आठ दिवस उरले असताना ते वाचनालयात आले. पुस्तक मागितलं नाही. खिशातून कागदाची पुडी काढली. आत एकच सोन्याचं फूल.

"डब्यातला हाय. तिला म्हाईत न्हाय," ते हळूच म्हणाले. "याच्यासारखाच दुसरा करून पायजे. गावातला सोनार बोंबलत फिरंल. तू बाजारातल्या सोनाराकरं जा."

"दादा, म्हणजे तुम्ही खोटं फूल सापडवणार?"

"सोना खराच हाय ना?" त्यांनी खाली बघत विचारलं. "आयस नव्वदीची झाली, बाय. ती गेल्यावर गावला तं हिराला काय उपेग?"

मी गेले. सोनारानं चार दिवसांत हुबेहूब जोड करून दिला. अडचण अशी की तो फार चकचकीत होता. दादांच्या पुस्तकांतले खजिने नेहमी काळवंडलेले असतात. त्यांनी फूल एक दिवस शेणात पुरलं, जसंच्या तसं निघालं. मग चिंचेच्या पाण्यात ठेवलं, तर ते आणखीनच लखलखायला लागलं. शेवटी खाऱ्यानं सगळं गंजतं म्हणून सुकटीच्या बरणीत लपवलं.

"दादा, सोनं गंजत नाही," मी कपाळावर हात मारून घेतला.

ते खऱ्या दुःखानं म्हणाले, "येवरी पुस्तकां वाचली, कोनी लिवला न्हाय."

रविवारी सकाळी खाचरातून आरोळी आली, "गावला! गावला!" अर्धा गाव धावला. दादा गुडघ्यापर्यंत मातीनं माखलेले, चेहरा असा की मी सामील नसते तर माझाही विश्वास बसला असता. कुणाच्याही हातात फूल न देता ते तडक घरी आले. ओट्यावर त्यांची आई बसली होती. त्यांनी फूल तिच्या तळहातावर ठेवलं.

"आये, हिरानं कोनाला न्हाय दिला. खाचरात व्हता."

नव्वदीच्या आजींना आता दिसतं कमी. त्यांनी ते बोटांनी चाचपलं, पाकळ्या मोजाव्यात तसं. मग म्हणाल्या, "हिरा कुठं हाय?" वहिनी पुढे आल्या. "तुझ्या आयशीचा नाव घेतला मी. चुकला माझा."

वहिनींनी फूल घेतलं. उलटंसुलटं पाहिलं. नाकाशी नेलं. मग माझ्याकडे पाहिलं. मला तेवढ्यात अंगणातल्या तुळशीला पाणी घालायचं आठवलं.

"हांच हाय," वहिनी म्हणाल्या.

गर्दी पांगल्यावर त्यांनी मला स्वयंपाकघरात गाठलं.

"डब्यातला फूल चार दिस नव्हता," त्या चहा गाळता गाळता म्हणाल्या. "मी रोज तांदूल काढतंय, मना कलनार न्हाय? आन् खाचरातल्या सोन्याला सुकटीचा वास कवापासून याया लागला?"

"मग बोलला का नाहीत?" मी ओशाळून विचारलं.

वहिनींनी गाळणी ठेवली. "आयस बोलली ना त्या दिवशी, तवा ह्यो खांबाला टेकून उभा व्हता. सगलं आयकलं. एक सबूद बोलला न्हाय. मना फुलाचा न्हाय, त्याचा वायट वाटला व्हता." त्यांचे डोळे भरून आले होते, पण त्या हसत होत्या. "आज आयशीच्या म्होरं माझ्यासाठी बोलला. लबारी का व्हयना, बोलला ना? त्याला सांगू नको मना कललंय. लय खूश हाय तो."

मला वाटलं होतं हे गुपित दादांचं आणि माझं आहे. चहा पिता पिता कळलं की मी आता दोन्ही बाजूंची हेर झाले आहे.

ठरल्या दिवशी डंपर आले आणि संध्याकाळपर्यंत खालचं खाचर दिसेनासं झालं. मला दादांची काळजी वाटत होती. पण सोमवारी ते आले, गमबुटांसकट, आणि कपाटासमोर घुटमळत राहिले.

"खजिना गावल्यावर म्होरं काय व्हते गं?" त्यांनी विचारलं. "मी वाचलाच न्हाय ना."

मी त्यांनी सर्वांत आधी नेलेलं पुस्तक काढून दिलं. त्या संध्याकाळी ते ओट्यावर बसून शेवटचं प्रकरण मोठ्यानं वाचत होते. आजी भिंतीला टेकून ऐकत होत्या. वहिनी पायरीवर कोळंबी सोलत होत्या. दोन्ही कानांत फुलं. मी कुंपणावरचे वाळलेले कपडे काढत होते, तेव्हा सगळं ऐकू येत होतं. जहाज बंदराला लागलं, सोबती एकमेकांच्या गळ्यात पडले, आणि सगळे आपापल्या घरी जाऊन जेवायला बसले. दादांनी पान उलटलं. पुढे काही नव्हतं.

"झाला?" वहिनींनी विचारलं. "घरी याया येवरी पानां लागली?"

"मधी खजिना हाय ना," दादा म्हणाले.

"त्यो मना म्हाईत हाय," असं म्हणून वहिनींनी हात पदराला पुसला आणि कानामागे नेऊन नव्या फुलाची फिरकी घट्ट आहे ना, ते चाचपून पाहिलं.