लहानू नांदायला जातो

लग्नानंतर एका माणसानं आपलं घर सोडून दुसऱ्याच्या घरी जावं, हा निसर्गनियम आहे. ते माणूस कोणतं, हे निसर्गाला आधीच ठाऊक असल्यामुळे तो सहसा विचारत बसत नाही. आमच्या बाबतीत मात्र निसर्गाचा घोटाळा झाला.

१९७८ साली माझी बायको प्रेमिला, पेशानं नर्स, कॅनडात नोकरीला लागली आणि तिनं मला बोलावून घेतलं. सरकारी भाषेत माझा दर्जा 'पत्नीवर अवलंबून असलेला पती' असा झाला. (मोहल्ल्याच्या भाषेत काय झाला, ते छापता येत नाही.)

मी आयटीआय पास वायरमन. आमच्या जरीपटक्यातल्या निम्म्या दुकानांचे दिवे माझ्या हातचे. उरलेल्या निम्म्या दुकानांचे दिवे वरचेवर जातात, ते दुसऱ्यानं बसवले म्हणून, असं माझं नम्र मत आहे. तेव्हा बायकोच्या पगारावर बसून खायला मी जाणार नव्हतो. माझी विद्या तिकडे मान्य झाली तरच विमान, असं मी पानठेल्यावर जाहीरच करून टाकलं होतं.

तिथल्या कारागीर तपासणी मंडळानं कळवलं, की कामाविषयी शिफारसपत्रं पाठवा. आता शिफारस कशी करतात, हे आपल्याकडे सांगावं लागत नाही. मुलीच्या बापाला स्थळ कळवताना करतात तशी. किराणावाले चंपतराव यांनी लिहिलं, 'मुलगा निर्व्यसनी. (पान व्यसनात धरलेलं नाही.)' विश्वनाथ मास्तरांनी लिहिलं, 'घराणं सालस, बहिणींची लग्नं यानंच लावली.' शेजारच्या इंदुताईंनी तर कमाल केली: 'इतका संस्कारी, की विजेचं काम असलं तरी चपला उंबऱ्याबाहेर काढूनच घरात येतो.' मास्तरांनी सगळ्याचं उत्तम इंग्रजी करून दिलं. वाचून मला स्वतःलाच मुलगी द्यावीशी वाटली.

मंडळाचं उत्तर आलं. 'अर्जदाराच्या बहिणी सुखी असल्याबद्दल मंडळाला आनंद वाटतो. तथापि तो विजेचं काम अनवाणी करतो, हे वाचून धक्का बसला. तुमच्याकडे असंच करतात का? त्याने यावे, परंतु दोन वर्षे परवानाधारकाच्या हाताखाली मदतनीस राहावे, मग परीक्षा द्यावी.'

मी ओट्यावर जाऊन बसलो. तिथे माझी आई, तुळसाबाई, सुपात डाळ पाखडत होती.

"काहून तोंड पाडून बसला गा?"

मी पत्र वाचून दाखवलं.

"'तुमच्याकडे असंच करतात का' म्हणते?" हसता हसता आईची डाळ सांडली. "हे तं माही सासू होय! म्हातारी कॅनडात कधी पोचली?"

"आई, एवढा मिस्त्री माणूस मी. हेल्पर बनून राहू?"

"मी काटोलची. बापाच्या बगिच्यात संत्र्याची कलमं बांधत होती. माह्या हातचं कलम मरत नव्हतं. इथं आली तं सासूनं पयली भाकर हातात घेतली अन् म्हणे, जाड आहे. कलमाचं कोणी पुसलंच नाही."

"मग?"

"मग काय? राहिली तिच्या हाताखाली."

"किती वर्षं?"

"ती मरेपावेतो. तुले तं दोनच सांगून राहिले."

आणि सुपाच्या तालावर ती गुणगुणू लागली:

माह्या माहेरची कला, उंबऱ्याशी अडली गं
सासूच्या ताटामंदी, भाकर नापास पडली गं

ही ओवी मी लहानपणी जात्याजवळ लोळताना ऐकली होती. चाल गोड, म्हणून मोठेपणी जयंतीच्या कार्यक्रमात म्हणून टाळ्याही घेतल्या होत्या. ती तक्रार आहे, हे कळायला मला कॅनडाहून पत्र यावं लागलं.

मी गेलो. निघताना आईनं मला शर्टाचा घेर ओटीसारखा पुढे धरायला लावला, त्यात एक संत्रं आणि माझा टेस्टर घातला, आणि डोळे पुसत म्हणाली, "नीट नांदजो गा. उलटून बोलू नको. अन् पायात जोडा घालजो."

इथवर तुम्ही मला मनमोकळं हसलात, त्याबद्दल आभार. आता एक करा. तुमच्या घरी जी नांदायला आली आहे, तिला सहज विचारा, 'इथं येण्याआधी तुला काय काय येत होतं?' ती आधी तुमच्या ताटाकडे बघेल.

तिला वाटेल, भाजीत मीठ कमी पडलं.