तीन गावांचा ऑर्व्हल

मंगळवारी सकाळी अकराला पाच मिनिटं कमी असताना विंडहोल्म गावच्या अँब्युलन्स शेडमधून जिल्ह्याच्या कंट्रोल रूमला वायरलेसवर निरोप गेला. आवाज शांत होता, फक्त जरा दमलेला.

"विंडहोल्म, गाडी एक. रुग्ण पुरुष, वय चौऱ्याहत्तर. छातीत दुखतंय, डावा हात जड, दरदरून घाम."

"कळलं," कंट्रोलवरची बेव्ह म्हणाली. "पत्ता सांगा. आणि गाडीवर कोण कोण आहे?"

"पत्ता, अँब्युलन्स शेड. गाडीवर मी एकटाच."

"आणि रुग्ण?"

"तोही मीच गं."

त्या वेळी तिथून सव्वाशे मैलांवर, राजधानीत, विधानसभेच्या प्रेक्षक सज्जात विंडहोल्म पथकाची प्रमुख लॉर्ना बिटनर कडक इस्त्रीच्या गणवेशात ताठ बसली होती. खाली सभागृहात तिच्या पथकाच्या गौरवाचा ठराव मांडला जात होता. पथकातले बाकीचे पाचही जण तिच्या शेजारी रांगेने बसले होते, शाळेच्या फोटोत बसतात तसे.

हे घडलं कसं? प्रत्येकाने आपापली व्यवस्था चोख लावली होती, म्हणून घडलं.

जानेवारीत आमदार ड्वेन हॅबरस्ट्रो यांच्या कार्यालयातून जेनेल स्कोगनचा फोन आला. जेनेल विंडहोल्मचीच मुलगी, आता साहेबांची सहायक. तिने सांगितलं, मार्चमध्ये सभागृह रुग्णसेवकांचा सन्मान करणार आहे आणि साहेबांना अख्खं पथक सज्जात हवंय.

"आम्ही काय केलंय?" लॉर्नाने विचारलं.

"एकतीस वर्षं फुकट सेवा!"

"फुकट कशी? दर दोन वर्षांनी एक जाकीट मिळतं."

"लॉर्ना, तुम्ही फक्त या. काहीही चुकणार नाही. सगळं मी बघते!"

पथकाच्या बैठकीत प्रश्न निघाला, की सगळेच गेले तर गाडीवर कोण? ऑर्व्हल ट्वेटने हात वर केला. खरं तर सत्काराचा पहिला मान त्याचाच. अँब्युलन्स सेवा त्यानेच सुरू केली होती. पहिली गाडी त्याने अंत्यविधीवाल्याकडून जुनी विकत घेतली होती, दोन्हीकडे चालेल म्हणून.

"जा सगळे," तो म्हणाला. "मी टाय बांधला की प्रेत दिसतो. तिथे लोक उगाच टोप्या काढतील."

"एकटा काय करशील?"

"क्लेबर्गवाले येतील की मदतीला. गाडी मी काढीन, उचलायला ते."

लॉर्नाला पटलं. "एक दिवस आपण नसलो म्हणून काय गाव मरणार आहे?" असं ती म्हणाली, आणि सगळे हसले.

राहिलं क्लेबर्गला कळवायचं. अठरा मैलांवरच्या त्या गावचा पथकप्रमुख कर्टिस ऑन्स्टाड. त्याला सरळ म्हणायचं होतं, की आमचा सत्कार आहे, तू लक्ष ठेव. वाक्य एवढंच! पण त्या मैदानी मुलखात आपला सत्कार आपल्या तोंडाने सांगणं म्हणजे रविवारी चर्चमध्ये बनियनवर जाण्यासारखं. तिथे जत्रेत ज्याच्या वळूला पहिलं बक्षीस मिळतं, तो बक्षिसाची फीत मोज्यांच्या खणात लपवतो. म्हणून लॉर्नाने फोन केला तो असा:

"कर्टिस, त्या मंगळवारी आहेस ना?"

"मी कुठे जाणार?"

"नाही, आमचं जरा बाहेर बारीकसं काम आहे."

"दात?"

"तसंच काहीतरी."

"मी आहे."

तेव्हा तो खरंच होता. पण हॅबरस्ट्रो अख्खं पथक आणतोय ही बातमी विरोधी पक्षात पोचली. क्लेबर्गचे आमदार त्या पक्षाचे. त्यांचं पथक काय कमी होतं? कर्टिसला निमंत्रण गेलं. कर्टिस लाजून बीटासारखा लाल झाला, कोणाला काही बोलला नाही आणि पलीकडच्या सेंट ओडील गावच्या पथकप्रमुख फिलिस गार्नोला फोन लावून म्हणाला, "त्या मंगळवारी आमचं जरा बारीकसं काम आहे. आमचं गाव बघाल? आणि विंडहोल्मचंही?" फिलिस म्हणाली, आनंदाने. आठवड्याने फिलिसलाही निमंत्रण आलं. तिने विचार केला, आता राहिलं कोण? आणि फोन लावला लॉर्नाला!

"मंगळवारी तुमच्याकडे कोणी आहे ना गं?"

"ऑर्व्हल आहे," लॉर्ना म्हणाली, आणि ते अगदी खरं होतं. "का गं?"

"काही नाही. बारीकसं काम आहे."

"दात?"

"हं."

त्या भागात माणूस दुसऱ्यांदा विचारत नाही. अशा रीतीने तीन गावं, दोन शाळा, एक वृद्धाश्रम आणि त्यांच्यामधले बर्फाने भरलेले सगळे रस्ते ऑर्व्हल ट्वेटच्या भरवशावर सोडले गेले. त्याला स्वतःला याची काही कल्पना नव्हती. तो शेडमध्ये रेडिओ लावून कॉफी पीत होता.

सज्जाच्या दाराशी पहारेकरी टोपली घेऊन बसला होता. फोन, पेजर, वाजणारं सगळं टोपलीत टाकायचं, असा नियम. लॉर्नाने पेजर टाकला, आत जाऊन बसली, मान वळवली, आणि दारातून क्लेबर्गचं अख्खं पथक आत येताना दिसलं.

"कर्टिस! तू इथे?"

कर्टिस जागीच थिजला. "दातांचं काम," तो म्हणाला. निळ्या गणवेशात, छातीवर तीन बिल्ले लावून!

त्याच्या पाठोपाठ फिलिस आली, सोबत सात बायका, सगळ्यांचे केस सेट केलेले. क्षणभर तिन्ही पथकं एकमेकांकडे बघत राहिली, आणि मग लॉर्नाला हसू फुटलं. सगळेच हसले. चोरी सगळ्यांचीच पकडली गेली होती! सगळ्यांत आधी हसायचं थांबली तीही लॉर्नाच.

"कर्टिस, तुमच्याकडे कोण बघतंय?"

"सेंट ओडील."

फिलिसचं हसू विरलं. "आमच्याकडे विंडहोल्म बघतंय," ती म्हणाली.

दोन्ही पथकं लॉर्नाकडे वळली.

"ऑर्व्हल," ती म्हणाली.

"ऑर्व्हल आणि कोण?"

"ऑर्व्हल."

खाली आमदार जागा घेत होते, कागदांची सळसळ चालू होती.

"ठणठणीत आहे तो," कर्टिस म्हणाला. "तासाभरात काय होणार आहे?"

"मी फोन लावून येते," म्हणून लॉर्ना उठली. तेवढ्यात खाली अध्यक्षांचा हातोडा पडला आणि पहारेकऱ्याने दार लावून घेतलं.

"बसा बाई. ठराव संपेपर्यंत दार उघडत नाही."

"मला फक्त फोन हवाय."

"अहो, तुमचाच सन्मान चाललाय! स्वतःच्या सन्मानातून कोणी उठून जातं का?"

हे तिला पटण्यासारखं होतं. ती बसली. नंतर गाडीत ती म्हणाली, की तिला राग येतो तो या बसण्याचा.

हॅबरस्ट्रो बोलायला उभे राहिले. टाळी मिळेपर्यंत बोलायचं आणि टाळी मिळाली की पुढे बोलायचं, अशी त्यांची पद्धत. "हाक कोणत्याही वेळी येवो," ते म्हणाले, "ही माणसं धावून जातात!"

दाराशी टोपलीत एक पेजर थरथरला. मग दुसरा. मग तिन्ही गावांचे सगळेच्या सगळे. टोपलीत मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखा आवाज झाला आणि टोपली टेबलावरून हळूहळू कडेकडे चालू लागली. पहारेकऱ्याने इकडेतिकडे बघितलं, अंगातला कोट काढला आणि टोपलीवर घातला.

"तिघांचे एकदम वाजतायत," कर्टिस कुजबुजला.

"म्हणजे बेव्हने तिघांना हाक मारली," फिलिस म्हणाली, "आणि तिघांपैकी कोणी उत्तर दिलेलं नाही."

लॉर्ना उभी राहून ओरडली, "अहो, ती टोपली! टोपली द्या इकडे!"

अध्यक्षांनी हातोडा आपटला. "सज्जात शांतता राखा! प्रेक्षकांना बोलता येणार नाही!"

हॅबरस्ट्रो वर बघून प्रेमाने हसले. "बघा," ते म्हणाले, "भावना अनावर होतात."

खाली कार्यालयात बेव्हचा फोन जेनेलने घेतला होता. सभागृहात सहायकांना शिरता येत नाही, म्हणून तिने धावत येऊन दारातून चिठ्ठी पाठवली. चिठ्ठी आमदारांच्या हातात पडली. त्यांनी पहिली ओळ वाचली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"मित्रहो! माझ्या कार्यालयाने योग्य वेळी आठवण करून दिली. एक नाव माझ्याकडून राहून जात होतं. ऑर्व्हल ट्वेट! सहकारी इथे सन्मान घेतायत आणि हा माणूस या क्षणी शेडमध्ये एकटा आहे! एकटा!"

सभागृह उठून उभं राहिलं. दोन्ही पक्ष उभे राहिले. त्या अधिवेशनात दोन्ही पक्ष कशासाठीही एकत्र उभे राहिलेले नव्हते. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की हातोड्याचा आवाजही ऐकू येईना. हॅबरस्ट्रोंनी टाळ्या वाजवता वाजवता चिठ्ठीची दुसरी ओळ वाचली. त्यांचे हात थांबले. तोंड उघडलं, मिटलं. त्यांनी दोन्ही हातांनी लोकांना बसा, बसा अशी खूण केली. लोकांना तो विनय वाटला, आणि टाळ्या वाढल्या!

लॉर्नाने वरून तो चेहरा पाहिला. एकतीस वर्षं ती लोकांच्या दारात उभी राहून बातम्या सांगत आली होती. असा चेहरा होतो तो कशाने, हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. माणसांच्या गुडघ्यांवरून उड्या मारत ती दाराशी पोचली. पहारेकऱ्याने या वेळी काही न बोलता दार उघडलं.

"बाई, यातला तुमचा कुठला?"

सगळे पेजर काळे, सगळे सारखे. तिने टोपलीच उचलली, वर त्याचा कोटही गेला.

विधानभवनाच्या आवारातून तीन गाड्या एकापाठोपाठ सुटल्या. लॉर्नाने बेव्हला फोन लावला.

"हेलिकॉप्टर?"

"वारा फार आहे. उडवत नाहीत."

"जवळचं पथक?"

"जवळची सगळी तुझ्या मागच्या गाड्यांत आहेत, लॉर्ना. त्यानंतरचं दीड तासावर."

"मग त्याच्याजवळ कोण आहे?"

"ग्लेन. आणि कॅफेतली डोरीन."

ग्लेन म्हणजे जिल्ह्याच्या बर्फ ढकलणाऱ्या गाडीचा चालक.

"ग्लेनला अँब्युलन्स चालवता येते?"

"नाही. पण ऑर्व्हल मागून सांगतोय. थांब, तुला ऐकवते."

बेव्हने फोन वायरलेसपाशी धरला. खरखरीतून ऑर्व्हलचा आवाज आला. दम लागत होता, शब्द तुटत होते.

"ग्लेन... ते वायपर आहेत."

"मग सायरन कुठला?"

"सायरन कशाला? रस्त्यावर... आहे कोण?"

गाडीत कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"डोरीनला म्हणावं मास्क माझ्या तोंडावर धर," ऑर्व्हल म्हणाला. "बिचारी... स्वतःच्या धरून बसलीय."

त्यापुढे, ऑस्टरव्हिलच्या दवाखान्याच्या वाटेवर, टेकडी होती. टेकडीपलीकडे वायरलेस पोचत नाही. एरवी तो पट्टा वीस मिनिटांत संपतो आणि गाडी दवाखान्याच्या बाजूने पुन्हा ऐकू येते.

वीस मिनिटं झाली. तास झाला. बेव्हने दवाखान्याला विचारलं, दवाखान्याने बेव्हला विचारलं. दुपारी दोनला लॉर्नाची गाडी हमरस्त्यावर बर्फात वाहतूक अडवायला पाडतात त्या फाटकापाशी थांबली. वाऱ्याने बर्फ रस्त्यावर आणून टाकला होता, फाटक खाली होतं, दिवा लुकलुकत होता. तिन्ही पथकांनी तिथल्या पोलिसाला आळीपाळीने विनवून पाहिलं. प्रत्येकाला तो एकच सांगत होता: बर्फ हटवणारी गाडी आली की उघडतो, पण त्या बाजूचा चालक सापडत नाहीये.

"त्याचं नाव ग्लेन," लॉर्ना म्हणाली.

कर्टिस तिच्या गाडीत येऊन बसला. बराच वेळ हातमोजे काढत-घालत राहिला.

"मला तुला सांगायचं होतं," तो म्हणाला. "की आमचा सत्कार आहे म्हणून."

"मग सांगायचंस."

"बढाई वाटली असती."

लॉर्नाने मान हलवली. तिला ते समजत होतं, हीच तर अडचण होती.

साडेचारला जेनेलचा फोन आला. रडून तिचा आवाज बसला होता.

"काही कळलं?"

"नाही."

"साहेब म्हणतायत, ठरावात ऑर्व्हलचं नाव घालायचं. विरोधी पक्षही तयार आहे."

"घाला की."

"घालतेच आहे. पण..." जेनेल थांबली. "सचिवालयात ठरावाचे दोन नमुने असतात, लॉर्ना. एक सन्मानाचा. आणि एक तो दुसरा. मजकूर वेगळा, किनार काळी. शिक्क्याची खिडकी पाचला बंद होते. ते विचारतायत कुठला."

"गाडी पोचलेली नाही, जेनेल."

"हो. म्हणजे, अंदाजे..."

"अंदाजे?"

"मी नाही गं विचारत, ते विचारतायत!"

लॉर्नाने फोन मांडीवर ठेवला. समोर फाटकाचा दिवा लुकलुकत होता आणि त्यापलीकडे रस्ता कुठे संपतो आणि शेतं कुठे सुरू होतात, ते दिसत नव्हतं. मांडीवरून जेनेलचा बारीक आवाज "लॉर्ना? लॉर्ना?" करत राहिला. मग तोही थांबला.

पाच वाजता सचिवालयाची खिडकी बंद झाली. फाटक तेव्हाही खालीच होतं. ऑस्टरव्हिलच्या दवाखान्यात विंडहोल्मची गाडी एक आलेली नव्हती. जेनेलच्या टेबलावर ऑर्व्हल ट्वेटच्या नावाचे दोन्ही नमुने भरून तयार होते, आणि शिक्का एकावरही नव्हता.